आधी मागचं दार

नवी समाजमाध्यमं, नवी अवजारं वापरून बघायचा मला मनापासून नाद आहे. अमुक एक नवं आलंय असं कानावर पडलं की त्याच रात्री मी तिथं खातं उघडते. पूर्वी आधी ओळखीचं कोण आहे ते शोधायचे आणि लगेच पहिली पोस्ट टाकायचे. आता आधी सेटिंग उघडते आणि आपण लिहिलेलं इथून बाहेर कसं काढायचं, ते बघते. भाड्याचं घर बघायला गेलं की सगळे दिवाणखाना बघतात. मी मागचं दार बघते.

हे मला माझ्या आत्यामुळे कळलं. ती वाईला असते, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एका छोट्या संकेतस्थळावर ती सहा वर्षं घरातले जुने फोटो चढवत होती आणि प्रत्येकाखाली लिहीत होती: फोटोत कोण कोण, लग्न कुणाचं, मांडव कुठं घातला होता, पंगतीला काय होतं. मग ते संकेतस्थळ बंद झालं. तीस दिवसांत आपला मजकूर उतरवून घ्या, अशी मेल आली होती. पण ती गेली तिच्या जुन्या पत्त्यावर, जो ती कधीच उघडत नव्हती. मला कळेपर्यंत तिथं कोरं पान होतं. फोटो ट्रंकेत आहेत, खालचा मजकूर कुठंच नाही. त्यातल्या निम्म्या माणसांना ओळखणारं आता आत्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आणि ते खातं तिला मीच उघडून दिलं होतं.

मोठं नाव असलं म्हणजे जागा टिकतेच असंही नाही. जिओसिटीज २००९मध्ये गेलं, गूगल रीडर १ जुलै २०१३ला, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला. भारतीय भाषांसाठी निघालेलं कू २०२४च्या जुलैत बंद झालं, तिथं मराठीत लिहिणारेही होते.

म्हणून मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन समाजमाध्यमांवर गेले तेव्हा मी आधी दारच तपासलं. मॅस्टोडॉन २०१६मध्ये ऑयगन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. त्याचा एक मालक नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांशी बोलतात, ईमेलसारखे. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येतं, ते मी हलवून पाहिलं. आपल्यामागे आलेली माणसं नव्या पत्त्यावर येतात, जुनं लिखाण मात्र मागेच राहतं. त्याची प्रत मागून घेता येते, पण ती आपण आठवणीने घ्यायची. ब्लूस्कायवर स्वतःच्या डोमेनचं नावच खात्याचं नाव म्हणून लावता येतं. डोमेनच्या नोंदींमध्ये एक ओळ घातली की काम झालं. नाव आपलं, आपण विकत घेतलेलं, हे मला फार आवडलं. तिथली सगळी नोंदही एका फाइलमध्ये उतरवता येते, फक्त चित्रं त्यात येत नाहीत. आत्यासारख्या माणसासाठी हा ‘फक्त’ फार मोठा आहे.

दुसरी तपासणी मराठीची. मी ‘पाणी’ हा शब्द लिहिते आणि अक्षरांचा आकडा बघते. एक्सवर तो चार भरतो, कारण काना आणि वेलांटी तिथं वेगळी मोजली जाते. ब्लूस्कायवर दोन, म्हणजे आपण पाटीवर मोजू तेवढाच. ब्लूस्कायची तीनशे अक्षरांची मर्यादा आपल्याला एक्सच्या २८०पेक्षा कितीतरी ऐसपैस का वाटते, ते या एका शब्दात दिसतं. मराठी माणसाने हे जरूर करून पाहावं.

लिखाण हाती आलं म्हणजे वाचता येईलच असंही नसतं. एका ठिकाणाहून मी माझी फाइल उतरवली, उघडली, आणि पोटात खड्डा पडला. मराठीचा एक शब्द नाही, नुसत्या आकड्यांच्या रांगा. बघता बघता एक जोडी पुन्हा पुन्हा दिसायला लागली: ०९०६, ०९०८. युनिकोडच्या तक्त्यात पहिला क्रमांक ‘आ’चा, दुसरा ‘ई’चा. ‘आई’ होती ती! पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. वाचताना पायथन त्या आकड्यांची अक्षरं आपण होऊन करतो. लिहून ठेवताना मात्र त्याला स्पष्ट सांगावं लागतं की सगळं इंग्रजी चिन्हांत कोंबू नकोस, आहे तसं ठेव. ते सांगितलं आणि पडद्यावर मराठी उमटली. इतकी वर्षं प्रोग्राम लिहितेय, पण त्या रात्रीइतका आनंद क्वचित झाला असेल.

आत्याचं हरवलेलं मात्र कुठल्याही प्रोग्रामने परत येणार नव्हतं. म्हणून दर महिन्यातला एक रविवार मी वाईला जाते. ट्रंक उघडायची, एक फोटो काढायचा, ती सांगते आणि मी टंकते. साधी मजकुराची फाइल, कुठल्याही कंपनीचं दार न ठोठावता उघडेल अशी. प्रत्येक फाइल गिटमध्ये ठेवते. लिनस टॉरवाल्ड्सने २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं हे अवजार घरगुती आठवणींना इतकं उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. त्यातली प्रत्येक प्रत पूर्ण असते, आजवर झालेल्या सगळ्या बदलांसकट. आत्या मध्येच म्हणते, “अगं थांब, ती शेवंता नव्हे, तिची जाऊ,” आणि ती दुरुस्तीही तारखेसह राहते.

गेल्या खेपेला तिने विचारलं, “आता हे कुठं राहणार?”

“एक माझ्या लॅपटॉपवर, एक तुझ्या कॉम्प्युटरवर आणि एक या पेनड्राइव्हवर. तो ट्रंकेत ठेव.”

तिने पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, रुमालात गुंडाळून फोटोंच्या खाली ठेवला. मग पुढचा फोटो काढला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, पाटावर सात बायका, समोर आंब्याच्या डाळीचं पातेलं.

“लिही,” ती म्हणाली. “डावीकडून पहिली, माझी आई.”