तपकिरी फुलपाखरू आणि माझा लाल पेन

आज एक कबुली देतो. परिसर अभ्यासाच्या चाचणीत प्रश्न होता, 'फुलपाखराचे अन्न कोणते?' तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, 'सडका पेरू.' मी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'फुलातील मध'.

मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "सर, या ना, दाखवते." शाळेमागच्या पेरूखाली, पडून कुजलेल्या फळावर दोन तपकिरी फुलपाखरं पंख मिटून बसली होती. बुशब्राऊन! पंखांचा विस्तार जेमतेम ४ ते ५ सेंमी. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळ्या कड्यांचे काळे डोळे.

आपण फळ्यावर काढतो ते फुलपाखरू रंगीत असतं आणि फुलावर बसतं. बुशब्राऊन सावलीत, जमिनीलगत उडतं. फुलांपेक्षा त्याला कुजकी फळं आणि झाडाचा पाझरणारा रस आवडतो. त्याची अळी गवत खाते. पावसाळ्यात त्याच्या पंखांवरचे डोळे ठसठशीत असतात. पक्षी-सरडे त्या डोळ्यांवर झडप घालतात, पंखाचा तुकडा जातो पण जीव वाचतो. कोरड्या दिवसांतल्या पिढीत हेच डोळे बारीक ठिपक्यांएवढे होतात, कारण तेव्हा वाळक्या पानांत लपून राहणंच फायद्याचं. म्हणजे एकाच जातीचे ऋतूनुसार दोन वेश! अनुकूलन शिकवायला याहून सोपं उदाहरण कुठे मिळणार?

पण हे मुलांना दिसायचं तर ते शाळेत टिकलं पाहिजे. आपण काय करतो? स्वच्छता मोहिमेत गवत मुळासकट उपटतो, पालापाचोळा जाळतो. त्यात अळ्या आणि कोषही जातात. मग भिंतीवर मोठं रंगीत फुलपाखरू रंगवून घेतो.

माझं म्हणणं एवढंच. मैदान स्वच्छ ठेवा, पण कुंपणालगतचा एखादा सावलीतला कोपरा गवत-पाचोळ्यासह राहू द्या. पालकांनी घरामागेही हे करून बघावं. दोन-चार पिकलेली केळी तिथे ठेवा आणि मुलांना जून-जुलैत आणि पुन्हा जानेवारीत बघायला लावा. पंखांवरचे डोळे वहीत काढू द्या.

त्या मुलीचा गुण मी तिला परत दिला. पण तिने मला हाताला धरून नेलं म्हणून ते झालं. सगळीच मुलं असं म्हणत नाहीत. म्हणून वेगळं उत्तर दिसलं, तर फुली मारण्याआधी एकदा विचारा, "बाळा, हे कुठे बघितलंस?"