फी माफ झाली, तास कोण घेणार?

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीत सुरू झाले, तोवर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पोरांना विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावे लागे. आता गडचिरोली जवळ आले. पण भामरागडहून तेही दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि रस्ता बंद. कागदपत्रांच्या तपासणीची शेवटची तारीख मात्र पुढे सरकेलच असे नाही.

विद्यापीठांची पाटी लावणे सरकारला जमते, माणसे नेमणे जमत नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षानुवर्षे खिंड लढवत आहेत. नेट-सेट, पीएचडी करूनही सुट्टीत त्यांच्या हाती मानधन नाही.

2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. निर्णय चांगलाच. पण लातूर किंवा पुण्यात खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे कोण भरणार?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पदवी हुकलेल्या कामगारांना आणि गृहिणींना त्याने दुसरी संधी दिली. तरीही ‘मुक्तची पदवी’ म्हटले की मुलाखतीत नाके मुरडली जातात, हा निव्वळ आगाऊपणा. त्याच्या अभ्यासकेंद्रांना प्रयोगशाळा आणि चांगले समंत्रक द्यावेत. नव्या विद्यापीठाच्या घोषणेआधी सरकारने प्राध्यापकांच्या रिक्त जागांची जाहिरात काढावी.