पात्र पोखरायचे आणि घाट झाडायचे!

दगड-वाळूच्या उद्योगातील कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना आता एक ठरावीक रूप आले आहे. आरंभीच्या पानांवर वर्षभरात किती खडी काढली, किती नवी यंत्रे आली, उलाढाल किती वाढली याचा अभिमानाने मांडलेला हिशेब असतो. अखेरच्या पानांवर नदीस्वच्छतेची छायाचित्रे असतात. हातात झाडू घेतलेले कर्मचारी, मागे घाट आणि घाटावर कंपनीचा फलक. धनही मिळवले आणि धर्मही पाळला, असे वाचणाऱ्याला वाटावे. परंतु वर्षभर नदीचे पात्र खोदणाऱ्याने एक सकाळ घाट झाडला, म्हणून तो नदीचा सेवक ठरतो काय?

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा हरिद्वारला झाली. हिमालयातून उतरलेली गंगा येथे मैदानात प्रवेश करते. तिचा वेग मंदावतो आणि सोबत आणलेले गोटे, खडी, वाळू ती येथे पसरते. हा कुणासाठी पडून राहिलेला माल नव्हे. हे गोटे प्रवाहाचा जोर सोसतात, काठ सावरतात, पाणी जमिनीत मुरवतात. महासीरसारखे मासे त्यांच्याच आधाराने अंडी घालतात. पात्र खोल खणले की भोवतालच्या विहिरींचे पाणी खाली जाते आणि काठ ढासळू लागतात. उत्तराखंडच्या सरकारी कागदांत या उपशाला ‘चुगान’, म्हणजे वेचणे, असा सोज्वळ शब्द आहे. पाखरे दाणे वेचतात. पोकलेन वेचत नाही, ओरबाडते.

या ओरबाडण्याविरुद्ध कनखलजवळच्या मातृसदन आश्रमातील संन्याशांनी प्राण पणाला लावले. स्वामी निगमानंद १९ फेब्रुवारी २०११ रोजी उपोषणाला बसले आणि १३ जून २०११ रोजी डेहराडूनजवळच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत देशभरातले कॅमेरे त्याच रुग्णालयाबाहेर उभे होते, पण ते बाबा रामदेव यांच्या उपोषणासाठी. गंगेसाठी झिजणारा तरुण संन्यासी कुणाला दिसला नाही. पुढे आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव प्रा. जी. डी. अग्रवाल, म्हणजेच स्वामी ज्ञानस्वरूप सानंद, यांनीही ११ ऑक्टोबर २०१८ रोजी १११ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडला. हरिद्वारमधील खाणकाम थांबवावे, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती.

आदेश निघाले नाहीत असे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने रायवाला ते भोगपूर या टप्प्यात गंगेच्या पात्रातील खाणकामाला मनाई केली. तरीही जुलै २०२५ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाला हरिद्वार परिसरातील ४८ स्टोन क्रशर बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. मधल्या काळात राज्यात भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांची सरकारे येऊन गेली. फलक बदलले, ट्रक तेच राहिले. गंगेला माता म्हणणाऱ्यांच्या राजवटीतही हे घडावे, याची खंत तिच्या भक्तांनाच सर्वाधिक वाटायला हवी.

आता कंपन्यांच्या औदार्याविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ‘स्वच्छ गंगा निधी’ला दिलेली रक्कमही त्यात धरली जाते. याचा अर्थ, शंभर रुपये नफ्यातले दोन रुपये देणे हे कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. त्याला दातृत्व म्हणणे हा दान या शब्दाचा अपमान होय. शिवाय घाटावरचे निर्माल्य आणि प्लास्टिक उचलता येते, उपसलेले पात्र झाडूने भरून निघत नाही.

देशाला घरे, रस्ते, पूल हवेत, त्यासाठी खडी-वाळू लागणारच, असे यावर सांगितले जाईल. ते खरेच आहे आणि या धंद्यावर हजारो मजुरांची चूल पेटते, हेही खरे. परंतु खडक फोडून केलेली कृत्रिम वाळू आज देशभर वापरली जाते. केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात की, पावसाळ्यात नदी जेवढे परत भरते त्या प्रमाणातच उपसावे. गाईचे दूध काढावे. तिचे रक्त काढू नये, इतका हा साधा विवेक आहे.

आपल्या गावच्या नदीकाठी स्वच्छता मोहीम आखणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणून एक पथ्य पाळावे. टोप्या, टी-शर्ट आणि अल्पोपाहार देणारा प्रायोजक त्याच नदीतून काय नेतो, हे आधी तपासावे. मंडळांनी आणि देवस्थानांनी देणगीची पावती फाडण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा. घर बांधणाऱ्या कुटुंबानेही कंत्राटदाराला वाळू कोठून आणली हे विचारावे, कारण चोरीचा माल घेणारा असतो म्हणूनच चोर असतो. नदीसाठी खरोखर काही करण्याची इच्छा असलेल्या कंपनीला घाटावर येण्याची गरज नाही. तिने आपली यंत्रे पात्राबाहेर काढावीत. उरलेली स्वच्छता पावसाळ्यात नदी स्वतःच करील.