न बुडालेल्या बोटीचें श्रेय

दर वर्षीं ५ एप्रिल रोजीं आपल्या देशांत राष्ट्रीय नौकानयन दिन पाळण्यांत येतो. १९१९ सालीं याच तारखेस सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनास निघाली आणि परकीय कंपन्यांनीं अडवून धरलेल्या दर्यामार्गास एतद्देशीय भांडवलाचें जहाज लागलें, त्याचें हें स्मरण होय. त्या दिवशीं व्याख्यानें होतात, समुद्रावर आयुष्य वेंचलेल्यांस मानपत्रें मिळतात, आणि तें सर्व योग्यच आहे. परंतु या मानकऱ्यांच्या पंगतींत एका वर्गाचें पान मांडलेलें आमच्या पाहण्यांत क्वचितच येतें. बंदरांत आलेल्या जहाजावर चढून, तें पुनः समुद्रांत सोडण्यास लायक आहे कीं नाहीं हें पाहणारा जो निरीक्षक, ज्यास धक्क्यावरचे लोक नुसतें 'सर्व्हेअर' म्हणतात, त्याचा तो वर्ग. त्यांतील उत्तम काम करणाऱ्यांचा जाहीर सन्मान झाला पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि हें मत आम्ही केवळ सौजन्य म्हणून मांडीत नाहीं.

जून २०१५ मध्यें कॅप्टन राधिका मेनन यांनीं बंगालच्या उपसागरांत 'दुर्गाम्मा' या होडीवरील सात कोळ्यांस खवळलेल्या पाण्यांतून वर घेतलें. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २०१६ सालीं त्यांस असाधारण शौर्याचें पारितोषिक दिलें, याचा प्रत्येक हिंदी मनुष्यास अभिमान वाटला पाहिजे. ते सात जण डोळ्यांपुढें उभे करतां येतात. पण ज्या निरीक्षकानें बंदरांतच एखाद्या जहाजाची गंजलेली जीवनौका ओळखून ती बदलावयास लाविली, त्यानें वाचविलेले लोक कोण? त्या लोकांस स्वतःस देखील ठाऊक नसतें कीं आपण वाचलों. जो अपघात झालाच नाहीं त्याचा पंचनामा होत नाहीं, आणि ज्याचा पंचनामा नाहीं त्याचें श्रेय कोणी कोणाच्या पदरांत घालीत नाहीं.

कोकणच्या माणसास हें पटविण्यास दूर जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं, अमावास्येच्या सकाळीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. म्हणून मुंबईपासून हांकेच्या अंतरावर घडलेल्या या अनर्थाची वार्ता मुंबईस कळली ती दुपार उलटल्यावर, पोहून किनाऱ्यास लागलेल्यांच्या तोंडून. वीस वर्षें आधीं, १९२७ च्या नोव्हेंबरांत, याच किनाऱ्यावर 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळांत नाहींशा झाल्या होत्या. या बोटींचीं नांवें आमच्या घराघरांत अजून निघतात. पण पावसाळ्यांत गेटवे ते मांडवा जाणाऱ्या साध्या लांचा धक्क्यास बांधून ठेविल्या जातात, तेव्हां आपण काय करतों? कुरकुर करतों! १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लांचेवर नौदलाची वेगवान होडी आदळून माणसें बुडालीं, तेव्हां उतारूंच्या अंगांत जीवरक्षक जाकिटें कां नव्हतीं, असा प्रश्न जो तो विचारूं लागला. तो प्रश्न दोर सुटण्यापूर्वीं विचारणें यालाच निरीक्षण म्हणतात.

आमच्या व्यापारी वाचकांपैकीं पुष्कळांस या कामाची ओळख त्यापासून होणाऱ्या त्रासानेंच झालेली असेल. निरीक्षक प्रथम दाखले पाहतो, मग जहाजावर फेरी मारतो. संशयास सबळ जागा दिसली तरच तो खोलांत शिरतो: संकटकाळचा आगीचा पंप सुरू करून दाखवा म्हणतो, वायुवीजनाचीं झांकणें मिटतात कीं गंजून अडकलीं आहेत तें हातानें पाहतो, जीवनौका खालीं सोडावयास लावितो, खलाशांच्या विश्रांतीच्या तासांची नोंदवही आणि त्यांचे तांबारलेले डोळे यांचा मेळ बसतो का तें ताडतो. दोष गंभीर असेल तर अहवालांत ३० हा आंकडा पडतो. म्हणजे जहाज अटकेंत. त्या क्षणापासून डेमरेज चढूं लागतें, एजंटाचा फोन वाजूं लागतो, आणि सकाळपर्यंत सामान्य असलेला तो अधिकारी एकदम सर्वांच्या डोळ्यांत सलूं लागतो.

कायद्यानेंहि त्याची वाट सोपी ठेविलेली नाहीं. कुजकीं व बेसुमार भरलेलीं जहाजें समुद्रांत लोटणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युएल प्लिम्सॉल यानें १८७५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत भर सभेंत संताप व्यक्त केला, आणि १८७६ चा कायदा झाला. पण त्याच कायद्यांत असेंहि लिहिलें गेलें कीं, सबळ कारणावांचून जहाज अडविल्यास सरकारनें मालकास भरपाई द्यावी. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारांतहि अकारण खोळंब्याबद्दल भरपाईचा हक्क आहे. वकिली पेशाच्या दृष्टीनें आम्हांस ही तरतूद न्याय्यच वाटते. तथापि तिच्यामुळें निरीक्षकाची स्थिति इकडे आड तिकडे विहीर अशी होते, हें विसरतां येत नाहीं. सोडलें आणि बुडालें तर चौकशी. अडविलें आणि चूक ठरलें तर भरपाई. मधल्या बरोबर निर्णयास मात्र कोठेंच नोंद नाहीं.

कोणी म्हणेल, पगार घेऊन केलेल्या कर्तव्याचें कौतुक कशाला? मग सेनापतीस पदक कां देतां? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अटकेंत टाकलेल्या जहाजांची संख्या मोजून बक्षीस देऊं लागल्यास तापट अधिकारी चांगल्या जहाजांसहि छळूं लागतील. हें भय आम्हांस मान्य आहे, म्हणून संख्येवर गौरव नको, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. जो अहवाल अपिलांत टिकला, ज्यांत इतरांच्या नजरेंतून सुटलेला दोष पकडला गेला, किंवा ज्यानें निर्दोष जहाज विनाविलंब मोकळें केलें, तो अहवाल गौरवास पात्र समजावा. टोकियो करारांतील देशांच्या मंडळानें जहाजावरील दोष दाखविणारें वर्षाचें उत्कृष्ट छायाचित्र निवडून तें घेणाऱ्या निरीक्षकाचा गौरव करण्याची प्रथा पाडली. ती लहान असली तरी तिच्यांत मर्म आहे, कारण ती पुराव्यास मान देते, दरडावणीस नव्हे.

निरीक्षक म्हणजे देवदूत, असेंहि आम्ही मानीत नाहीं. १२ फेब्रुवारी १९८३ रोजीं अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यापुढें 'मरीन इलेक्ट्रिक' हें कोळशाचें जहाज बुडून ३४ पैकीं ३१ माणसें मेलीं. त्याचीं फळकटें गंजून चाळणी झालीं असतां दाखले मात्र बिनघोर मिळाले होते. चौकशी मंडळांतील कॅप्टन डॉमिनिक कॅलिकिओ यानें आपल्याच खात्याच्या ढिलाईवर बोट ठेविलें, आणि पुढें तपासणीचे नियम कडक झाले. आंधळी सही करणारा व डोळस तपासणी करणारा यांस एकाच मापानें मोजल्यास डोळसपणा फार दिवस टिकत नाहीं.

आणि ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या हिताची नाहीं असें कोणी समजूं नये. २५ मे २०२५ रोजीं कोचीपुढें 'एमएससी एल्सा ३' हें जहाज ६४० कंटेनरांसह तळाशीं गेलें. त्यावरील २४ माणसें वांचलीं. पण माल गेला, प्लास्टिकच्या कण्या केरळच्या वाळूंत पसरल्या, आणि कोळ्यांच्या जाळ्यांवर गदा आली. त्यापुढें धक्क्यावरचा दोन दिवसांचा खोळंबा काय मोठा?

हिंदी महासागरांतील देशांचा तपासणीचा करार १ एप्रिल १९९९ पासून अमलांत आहे आणि त्याचें सचिवालय आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. नौकानयन महासंचालकांची कचेरी तर मुंबईंतच आहे. अपिलांचे निकाल व दोषांच्या नोंदी या दोन ठिकाणच्या दप्तरांत आयत्या सांपडतील. त्यांतून निवड करण्यास एक निवृत्त कप्तान, एक अभियंता आणि एक न्यायाधीश एवढे तिघे पुरे आहेत. येत्या ५ एप्रिलच्या समारंभांत एक खुर्ची वाढवावी, आणि तिच्यावर बसणाऱ्याचें नांव वाचतांना त्यानें कोणत्या जहाजाचा कोणता दोष केव्हां पकडला, तेंहि वाचून दाखवावें.