निहाली भाषेची स्वतंत्र नोंद व शालेय वापर यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे
(मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा यांच्यामार्फत)

महोदय,

आम्ही जळगाव जामोद तालुक्यातील ग्रामस्थ व शिक्षक हे निवेदन सादर करीत आहोत.

जामोद, सोनबर्डी, कुवरदेव या परिसरातील निहाल समाजाच्या घरांत निहाली बोलली जाते. तिचे बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास उरले आहेत. ती शेजारच्या कोरकू भाषेची बोली नव्हे. कायपर या डच अभ्यासकाने 1962 साली दाखवून दिले, की तिच्या सुमारे एक चतुर्थांश शब्दांचे मूळ कोणत्याही ज्ञात भाषेत सापडत नाही. म्हणजे ही भाषा गेली, तर तिच्या जागी उभी राहील अशी बहीणभाषा जगात नाही.

तरीही शासकीय कागदावर ती दिसत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूंच्या नोंदीत येते आणि 1971 पासून जनगणना दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे वेगळे देत नाही. जी मोजली जात नाही, तिच्यासाठी ना तरतूद होते, ना पुस्तक निघते. निहाल मूल घरात निहाली, शेजारी कोरकू ऐकत वाढते आणि पहिलीत मराठीसमोर गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आम्ही शिक्षक मंदबुद्धी समजू नये, एवढे तरी प्रशिक्षण आम्हाला मिळायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद 350अ मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगितले आहे. ते या मुलांनाही लागू आहे.

आमची सर्वांत तातडीची मागणी अंगणवाडीची आहे. निहाल वस्त्यांत निहाली बोलणाऱ्या स्त्रियांनाच सेविका व मदतनीस म्हणून प्राधान्य द्यावे, कारण भाषा टिकते ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या तोंडात. पहिली-दुसरीसाठी देवनागरीत निहाली-मराठी वाचनपुस्तके वस्तीतील ज्येष्ठांना मानधन देऊन, त्यांच्यासोबत बसून तयार करावीत. संशोधकांनी आजवर केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या संमतीने मिळवून गावांतील शाळांत ठेवावीत. ज्यांचे आवाज आहेत, त्यांच्या नातवंडांना ते ऐकायला मिळत नाहीत, हे आम्हाला फार लागते. येत्या जनगणनेत प्रगणकांनी मातृभाषेच्या रकान्यात कोरकू गृहीत न धरता विचारून ‘निहाली’ लिहावे, अशी लेखी सूचना जिल्हा प्रशासनाने द्यावी आणि आपल्या संस्थेने तालुक्याचे स्वतंत्र भाषा-सर्वेक्षण करावे.

या मागण्यांवर वस्तीतच बैठक घ्यावी व निहाल स्त्री-पुरुषांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे. दुभाष्या आम्ही देऊ. बैठकीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ग्रामस्थ व शिक्षक, तालुका जळगाव जामोद, जि. बुलढाणा