दुसऱ्याची ठेव

गेल्या पंधरवड्यांत आमच्या थोरल्या बहिणीचा नातू मांजरीस आमच्या घरीं येऊन दोन दिवस राहिला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्यास तीन वर्षें झालीं. खराडीच्या एका कचेरींत त्याला बरें वेतन मिळतें. परंतु शहरांतील एका वृद्ध वकिलांनीं त्याला आपल्या हाताखालीं बोलाविलें आहे. काम विश्वस्त संस्थांचें. देवस्थानें, शाळा, वसतिगृहें आणि कांहीं जुन्या घराण्यांच्या मृत्युपत्रान्वयें चाललेल्या व्यवस्था यांचे हिशेब, दप्तर व अर्ज सांभाळावयाचे. वेतन मात्र सध्यांच्या निम्मेंच. त्याच्या आईचा या बेतास उघड विरोध आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर बसलों असतां त्यानें विचारलें, "आजोबा, ही देवळाची कारकुनीच ना? यांत माणसाचें पुढें काय होतें?"

मीं त्यास त्या रात्रीं दिलेलें उत्तर अर्धवट होतें. असा प्रश्न इतर घरांतूनहि निघत असेल, म्हणून तें येथें सावकाश मांडतों.

प्रथम शब्दाकडे पाहूं. न्यास म्हणजे खालीं ठेवणें. दुसऱ्यानें विश्वासानें आपल्यापाशीं ठेवलेली वस्तु. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें ऋणादान, दुसरें निक्षेप म्हणजे ठेव, आणि तिसरें अस्वामिविक्रय, म्हणजे स्वतः धनी नसतां वस्तु विकणें. मला हा क्रम मोठा अर्थपूर्ण वाटतो. ठेव हातीं आली कीं ती विकण्याचा मोह फार दूर नसतो, हें शास्त्रकारांस ठाऊक होतें.

आमच्या मांजरीचेंच पाहा ना! मुळा-मुठेच्या कांठचें हें शेतामळ्यांचें गांव. मांजरी बुद्रुक २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. शहर असें जवळ आलें कीं एखाद्या देवस्थानाच्या किंवा शाळेच्या नांवावरील दोन एकरांना एकाएकीं भाव येतो, आणि विश्वस्तांच्या दारीं गाड्या थांबूं लागतात. अशा वेळीं कायदा आडवा येतो. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा १९५० चा अधिनियम आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालतो. त्याच्या ३६ व्या कलमान्वयें धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवांचून विश्वस्तांना स्थावर मिळकत विकतां येत नाहीं. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत अथवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें देतांहि येत नाहीं. हें कलम वेळीं दाखविणारा एक जाणता कारभारी कचेरींत असला, तर गांवाची पिढीजाद ठेव वांचते. यास कारकुनी म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें.

आणि देवळाच्या कारभारास कोणी हलकें समजूं नये. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयींचा असंतोष हें १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन होण्याचें एक प्रमुख निमित्त होतें. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनीं त्या कामीं पुढाकार घेतला. सभेचा सभासद होण्यास निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. दुसऱ्यांच्या वतीनें बोलणाऱ्यानें आधीं त्यांचा विश्वास संपादावा, हा त्यांतील अर्थ.

हा विश्वास कसा संपादावा, हें पुस्तकांत सांपडत नाहीं. तें जाणत्या माणसाच्या मागें चालून शिकावें लागतें. मी शाळेंत असतां विद्यार्थ्यांना साहाय्य देणाऱ्या एका लहानशा निधीचा कांहीं वर्षें चिटणीस होतों. तेथें एक वृद्ध हिशेबनीस होते. मी संस्कृत शिकविणारा. जमाखर्चाचें मला वावडें. त्यांनीं मला दोन गोष्टी शिकविल्या. रोजकीर्द त्याच दिवशीं संध्याकाळीं लिहावयाची, ही पहिली. दुसरी अधिक मोलाची. दरवर्षीं ३१ मार्चचे हिशेब तपासनिसाकडे जाण्यापूर्वीं ते मला घेऊन ज्या गृहस्थांच्या देणगीवर निधि उभा होता त्यांच्या विधवा पत्नीकडे जात. चहा झाल्यावर आंकडे मोठ्यानें वाचून दाखवीत आणि शेवटीं म्हणत, "वहिनी, यजमानांच्या नांवानें यंदा इतकीं मुलें शिकलीं." त्या बाईंना जमेची बाजू कळत नसे; पण आपल्याला कोणी विसरलें नाहीं, हें कळे. पुढें त्यांनीं स्वतःचे दागिने मोडून त्या निधींत भर घातली.

हे हिशेबनीस वारल्यावर माझ्या हातून एक चूक झाली. दोन विश्वस्त बदलले असतां नव्वद दिवसांच्या आंत बदल-अर्ज द्यावयाचा तो मीं दिला नाहीं. कांहीं वर्षांनीं बँकेनें सह्या नाकारल्या, तेव्हां नोंदवहींत अद्याप दिवंगतांचींच नांवें असल्याचें उघडकीस आलें. एक सबंध वर्ष मुलांना पैसे देतां आले नाहींत. गुरूच्या पाठीमागें चालतांना वाट सोपी वाटते. ती सोपी कां होती, हें तो गेल्यावर कळतें!

कायद्याबरोबर माणसेंहि सांभाळावीं लागतात, याचें मोठें उदाहरण पुण्यांतच घडलें आहे. सरदार बाबामहाराज पंडित हे लोकमान्य टिळकांचे स्नेही. ७ ऑगस्ट १८९७ रोजीं ते वारले. टिळक राजद्रोहाच्या खटल्यांत नुकतेच जामिनावर सुटले होते. तरी बाबामहाराजांनीं मृत्युपत्रांत त्यांना व अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांना इतरांसह विश्वस्त नेमलें. मागें तरुण पत्नी ताईमहाराज. पतीनिधनानंतर झालेला मुलगाहि लौकरच गेला. इस्टेटीवर कर्ज होतें, म्हणून विश्वस्तांनीं खर्च आवरला. जून १९०१ मध्यें औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचें दत्तविधान झालें. पुढें ताईमहाराजांचें मन विश्वस्तांवरून उडालें व त्यांनीं दुसरा दत्तक घेतला. प्रकरण कोर्टांत गेलें. टिळकांवर खोट्या साक्षीसारखे आरोप आले, १९०३ त अठरा महिन्यांची शिक्षा झाली, वरच्या कोर्टांत ती कमी झाली, आणि मार्च १९०४ मध्यें हायकोर्टानें त्यांना निर्दोष ठरविलें. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत जाऊन १९१५ सालीं जगन्नाथाच्या बाजूनें निकालांत निघाला.

स्नेह्यास दिलेल्या शब्दासाठीं लोकमान्यांनीं चौदा वर्षें झीज सोसली. असा विश्वस्त विरळा! परंतु या कथेंतून नवशिक्यानें आणखी एक गोष्ट उचलावी. विश्वस्ताला दोन यजमान असतात : एक गेलेला आणि एक मागें राहिलेला. गेलेल्याचा शब्द कागदावर असतो. मागें राहिलेल्याचें मन कोणत्याच कागदावर नसतें. खर्चाला आळा घालणारा हात तिला परका वाटणें स्वाभाविक आहे. तो आपलाच आहे, हें तिला पुनःपुन्हा जाऊन सांगावें लागतें, आणि तेवढ्यानेंहि तें नेहमीं साधतेंच असें नाहीं.

तेव्हां माझ्या नातवास माझें सांगणें असें. वकिलांकडे जावयाचें असेल तर पहिलीं दोन वर्षें त्यांची पिशवी धरावी. ते ज्या घरीं जातील तेथें बरोबर जावें, मागें बसावें, ऐकावें. घरांतील वडील मंडळींचीं नांवें व दुखणीं लक्षांत ठेवावीं. कोणाकडून भेटवस्तु घेऊं नये. कायद्याची पदवी मिळवावी आणि मोडी वाचावयास शिकावें. पुण्याच्या जुन्या संस्थांच्या सनदा व दानपत्रें मोडींत आहेत, आणि तीं वाचणारा कारभारी कोठेंहि अडून राहत नाहीं. या धंद्यांत जाहिरात चालत नाहीं; एक घर दुसऱ्या घरास सांगतें. गुरु थकल्यावर तींच घरें शिष्याकडे येतात. मात्र तीं त्याला आधींपासून ओळखत असलीं तरच.

"आणि आईचें काय?" त्यानें निघतांना विचारलें. मीं म्हटलें, "तिच्यासमोर कागद घेऊन बैस. दोन वर्षांत किती कमी पडेल, तें कोठून भरून काढशील आणि कोणता खर्च सोडशील, तें मांड. तिला पटलें तर जा. न पटल्यास कागद पुन्हा कर. ज्याला स्वतःच्या आईस हिशेब दाखवितां येत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या घरची ठेव हातीं घेऊं नये."

तो गेला. परवां त्याच्या आईचा फोन आला. कागद दोनदां परत केला, म्हणाली; तिसरा वाचते आहे.