कल्पित प्रसंग आणि खरी रुग्णशय्या

वारशाच्या लोभाने एक मनुष्य आपल्या सहा वर्षांच्या चुलतभावास स्नानाच्या टबात बुडवून मारतो. दुसरा त्याच दुष्ट हेतूने स्नानगृहात शिरतो, परंतु ते मूल पाय घसरून, डोक्यास मार लागून स्वतःच बुडत असलेले पाहतो आणि हात न हलवता नुसता उभा राहतो. या दोघांत कमी अपराधी कोण, असा प्रश्न जेम्स रेचल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये वैद्यकवर्गापुढे ठेवला, आणि दोघेही सारखेच नराधम असतील, तर मारणे व मरू देणे यांतील ज्या भेदावर वैद्यकीय नीतीने एवढा भार टाकला आहे, तो भेद स्वबळावर उभा राहू शकत नाही, असे प्रतिपादन केले.

असे प्रसंग म्हणजे रिकामपणचा बुद्धिविलास होय, हे मत मला मान्य नाही. हेतू आणि परिणाम दोहींकडे समान ठेवून एकच गोष्ट बदलून पाहिल्यावाचून, आपल्या नैतिक समजुतींपैकी कोणती विवेकातून आली आणि कोणती निव्वळ वहिवाटीने चालत आली, याचा निवाडा होणे कठीण.

तथापि परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकीकत आठवली, की या पद्धतीची मर्यादाही दिसते. १९७३च्या नोव्हेंबरात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर, २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, त्या तेथेच अचेतनप्राय पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांचा त्यांच्या दयामरणासाठीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नामंजूर केला. मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या मंजुरीच्या अटीवर, उपचार थांबवून मरण येऊ देण्यास वाट दिली आणि इंजेक्शन देऊन जीव घेणे बेकायदा ठरवले. रेचल्सने ज्या भेदावर बोट ठेवले, त्याच भेदावर हा कायदा उभा आहे, आणि त्याचे समर्थन मला अद्याप पुरेसे वाटत नाही. परंतु रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या खटल्यातील खरा पेच त्या स्नानगृहात उद्भवतच नाही. न्यायालयाने तो अधिकार वर्षानुवर्षे त्यांना भरवणाऱ्या, त्यांचे अंग पुसणाऱ्या, शय्याव्रण होऊ न देणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाकडे दिला, आणि त्या परिचारिकांना अरुणा जगावयास हव्या होत्या. एवढ्या सेवेने उत्पन्न झालेला हक्क कोणत्याही कल्पित प्रसंगात मोजला जात नाही. तो मोजला गेला, हे मला योग्यच वाटते.

तरीही स्वतः अरुणांची इच्छा काय होती, हे सांगणारा एकही कागद कोणाच्या दप्तरी नव्हता. ती उणीव भरून काढण्याची सोय न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता देऊन केली. २०२३पासून तर दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतले, तरी पुरते. वाचकहो, शुद्ध आहे, वाचा आहे, तोवर ते लिहा, आणि लिहिण्यापूर्वी आपल्या माणसांशी त्याविषयी मोकळेपणाने बोला.